सिगारेटच्या चित्रांचा कालनिर्णय

मराठेशाहीच्या कागदपत्रांवर ज्यांनी आपली आयुष्ये वेचली, त्या संशोधकांपुढे एक अडचण नित्याची असे. पत्रावर चंद्र असे, महिना असे. वर्ष मात्र पुष्कळदा नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊकच होते, ते लिहिण्याचे प्रयोजन दोघांनाही वाटले नाही. मग राजवाडे, खरे, सरदेसाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी पत्रात कोणती मोहीम चालू आहे, कोण हयात आहे, कोणाच्या नावामागे कोणते पद लागले आहे, हे ताडून पाहावे आणि त्यावरून वर्ष बसवावे. या कष्टातूनच विस्कळीत दप्तरांचा इतिहास झाला.

हीच रीत सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत, एका अगदी क्षुल्लक वस्तूला लावली गेली आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. ती वस्तू म्हणजे सिगारेटच्या पाकिटातून फुकट मिळणारे, आगपेटीहून थोडेसेच मोठे, बेसबॉलच्या खेळाडूचे चित्र. बेसबॉल हा त्या देशाचा राष्ट्रीय खेळ. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच तिकडे त्याचे. या चित्रकार्डांपैकी एकाला २०२२ साली बहात्तर लाख पन्नास हजार डॉलर किंमत आली. बहुतेक कार्डांवर ती कोणत्या साली छापली याचा उल्लेख नसतो. मग अस्सल कोणते, नक्कल कोणती, आधीचे कोणते, नंतरचे कोणते, हे ठरते कसे? या प्रश्नाच्या उत्तरात एका धंद्याचा, एका मक्तेदारीचा आणि एका आजारी कामगाराच्या चिकाटीचा इतिहास गुंतलेला आहे.

आरंभ यंत्रापासून करावयास हवा. १८८० पर्यंत अमेरिकेतील सिगारेट हाताने वळली जात असे. व्हर्जिनियातील जेम्स बॉन्सॅक या तरुणाने सिगारेट वळणारे यंत्र तयार करून १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि १८८४ मध्ये जेम्स ड्यूक या तंबाखूच्या कारखानदाराने ते आपल्या कारखान्यात बसवले. हातांना जे काम कित्येक दिवस पुरले असते ते यंत्र एका दिवसात उरकू लागले. माल उदंड झाला. आता गिऱ्हाईक हवे होते. त्या काळचे पाकीट कागदाचे आणि मऊ असे. आतल्या सिगारेटी चेंगरू नयेत म्हणून त्यात जाड कागदाचा एक तुकडा घालीत. तो तुकडा कोरा कशाला ठेवावा, असे कोणाच्या तरी मनात आले आणि त्यावर चित्र छापले जाऊ लागले. नटी, पक्षी, राजेरजवाडे, निशाणे आणि खेळाडू, असे ज्याला जे आवडेल ते. एक चित्र मिळाले की दुसऱ्याची हाव सुटते, आणि दुसऱ्यासाठी दुसरे पाकीट घ्यावे लागते.

या पहिल्या पर्वातील कार्डे ओळखणे तुलनेने सोपे आहे. रिचमंड शहरातील ॲलन आणि गिंटर या कंपनीने १८८७ मध्ये जगज्जेत्यांची पन्नास रंगीत चित्रे काढली. त्यांत मुष्टियोद्धे, पैलवान, नावाडी, नेमबाज यांच्या पंक्तीला दहा बेसबॉलपटू बसले आहेत. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज्ज’ या सिगारेटीबरोबर १८८६ ते १८९० या काळात चित्रे दिली. पण ती छापलेली नसून खरोखरची छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहेत. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता खेळाडू टिपता येत नसे. म्हणून छायाचित्रकाराच्या खोलीतच खेळाडूला उभे करीत, चेंडू दोरीने छतापासून टांगीत आणि तो झेलण्याचा आव आणावयास लावीत. काही चित्रांत ती दोरी स्पष्ट दिसते. तपकिरी झाक, चिकटवलेला कागद आणि टांगलेला चेंडू ही त्या काळाची खूणच होय.

१८९० मध्ये ड्यूकने आपल्या चार मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणून अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन केली. ॲलन आणि गिंटर व गुडविन या दोन्ही कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. चुरस संपली, तशी चित्रांची गरजही संपली. ज्याच्याशी स्पर्धा करावयाची तोच घरचा झाल्यावर गिऱ्हाइकाला भेट देण्याचा खर्च कोण करणार? १८९५ सालच्या मेयो कंपनीच्या काळ्या चौकटीतील चित्रांसारखे थोडे अपवाद सोडले, तर पुढची कित्येक वर्षे बेसबॉलची तंबाखू-कार्डे जवळजवळ दिसत नाहीत. कालनिर्णय करणाऱ्याला ही पोकळीही उपयोगी पडते. शतक उलटण्याच्या सुमाराचे म्हणून कोणी तंबाखूचे कार्ड पुढे केले, की जाणकार सावध होतो.

दुसरे पर्व १९०९ मध्ये सुरू झाले आणि त्यातील सर्वांत प्रसिद्ध माला संग्राहकांमध्ये ‘टी २०६’ या रुक्ष नावाने ओळखली जाते. सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडे अधिक उंच असे हे कार्ड, भोवती पांढरी किनार, मध्ये शिळाछापाने अनेक रंगांत उतरवलेली खेळाडूची आकृती आणि खाली तपकिरी शाईत त्याचे आडनाव व शहर. १९०९ ते १९११ या तीन वर्षांत अशी ५२४ निरनिराळी चित्रे निघाली. त्यांच्या पाठीवर अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सोळा छापांच्या जाहिराती आढळतात: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर, सायकल, ड्रम, टॉलस्टॉय इत्यादी. पौर्वात्य देशांच्या नावाला त्या वेळी सिगारेटीच्या बाजारात मोठा भाव होता. त्यामुळे यांतील एका छापाचे नाव चक्क ‘हिंदू’ असे आहे, आणि ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा दक्षिणेकडील अमेरिकन खेळाडूच्या पाठीवर हे नाव विराजमान झालेले दिसते.

या कार्डावर तारीख नाही. पण साक्षीदार अनेक आहेत. पहिला साक्षीदार म्हणजे चित्राखालील गाव. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात विकले जात आणि त्या व्यवहाराची तारीख त्या वेळच्या वृत्तपत्रांत नोंदलेली असते. रे डेमिट हा खेळाडू १९०९ च्या हंगामात न्यूयॉर्ककडून खेळला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सेंट लुइसच्या संघाकडे गेला. टी २०६ मालेत त्याची दोन्ही शहरांची कार्डे आहेत. अर्थात् ज्यावर सेंट लुइस छापले आहे ते त्या डिसेंबरापूर्वीचे असू शकत नाही. बिल ओ’हारा याचीही हीच कथा. विशेष असे, की या दोघांची सेंट लुइसची कार्डे पोलर बेअर या एकाच छापाच्या पाठीने आढळतात. पुढील बाजूने दिलेल्या साक्षीला मागील बाजू दुजोरा देते. उद्या कोणी डेमिटचे सेंट लुइसचे कार्ड पीडमाँटच्या पाठीने दाखवू लागला, तर त्याला दहा प्रश्न विचारावयास हवेत.

दुसरा साक्षीदार पाठीवरचा आकडा. काही पाठींवर ‘१५० विषय’, काहींवर ‘३५० विषय’, तर काहींवर ‘३५० ते ४६० विषय’ असा मालेतील चित्रांचा उल्लेख आहे. माला वाढत गेली तशी जाहिरातही बदलत गेली. म्हणून १५० चा आकडा १९०९ चा, ३५० चा साधारणतः १९१० चा आणि ४६० चा त्यानंतरचा, असा क्रम लावता येतो. एका चुकीने हा क्रम किती बारकाईने वापरता येतो ते दाखवून दिले आहे. फिलाडेल्फियाच्या मॅगी या खेळाडूच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत छापणाऱ्यांनी पहिल्या प्रतींत चूक केली आणि नंतर ती सुधारली. चुकीची अक्षरे फक्त १५० आकड्याच्या पीडमाँट पाठीवरच सापडतात. बाकी सर्वत्र शुद्ध नाव आहे. यावरून असे अनुमान निघते, की छपाई पीडमाँटच्या पाठीने सुरू झाली आणि चूक अगदी आरंभीच कोणाच्या तरी लक्षात आली. छापखान्याची रोजनिशी हाती नसताना तिचे एक पान असे वाचता येते.

तिसरा साक्षीदार सरकारी आहे. तंबाखूवर संघराज्याचा कर असल्यामुळे प्रत्येक कारखान्याला महसूल खात्याने क्रमांक दिलेला असे. तो क्रमांक आणि महसुली विभाग कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत येई: ‘कारखाना क्रमांक २५, दुसरा विभाग, व्हर्जिनिया’, किंवा ‘कारखाना क्रमांक ३०, दुसरा विभाग, न्यूयॉर्क’. जाहिरात काय वाटेल ते बोलेल. पण करखात्याच्या धाकाने छापलेली ओळ खोटे बोलण्याचा संभव कमी. जुन्या दानपत्रांतही स्तुतीच्या श्लोकांपेक्षा शेताच्या चतुःसीमा अधिक विश्वसनीय असतात, तसलाच हा प्रकार.

याखेरीज लहानसहान खुणा आहेतच. पोलर बेअर ही सिगारेट नव्हती, ती सुटी तंबाखू होती. कार्ड तिच्यातच पडून राही, म्हणून त्या पाठीच्या कार्डांवर तंबाखूचे डाग पुष्कळदा दिसतात. अमेरिकन ब्यूटी या छापाची कार्डे पाकिटाच्या मापामुळे किंचित अरुंद कापलेली असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो अस्सल कार्डालाच कातरलेले ठरवील. पिट्सबर्ग शहराचे उदाहरण तर फारच बोलके आहे. संघराज्याच्या नामविषयक मंडळाने १८९१ मध्ये या शहराच्या इंग्रजी नावातील शेवटचे एच हे अक्षर काढून टाकावयास लावले आणि लोकांच्या आग्रहाने १९११ च्या जुलैत ते परत दिले. टी २०६ मालेत या शहराचे नाव एच अक्षराशिवाय आहे. नावातील एका अक्षरासाठी लोक किती झगडतात, हे सीमेवरील गावांतल्या मराठी वाचकांना वेगळे सांगावयास नको. येथे तेच अक्षर काळाचा साक्षीदार झाले आहे.

परंतु खुणा वाचताना सावधगिरीही हवी. चित्राचा काळ आणि कार्डाचा काळ एक असतोच असे नाही. ‘कूपन’ या छापाने हीच जुनी चित्रे १९१४ नंतर पुन्हा छापली. चेहरा तोच, पोशाख तोच. पण खालील अक्षरे तपकिरी नसून निळी आहेत, आणि काहींवर १९१४ व १९१५ या दोनच हंगामांत मोठी स्पर्धा म्हणून नांदलेल्या फेडरल लीगचे नाव आहे. केवळ चेहरा पाहून जो काळ ठरवील तो पाच वर्षांनी चुकेल. तसेच १९११ च्या सोनेरी किनारीच्या ‘टी २०५’ मालेत खेळाडूच्या पाठीमागे त्याची माहिती आणि मागील हंगामांतील आकडे दिलेले असल्याने, शेवटचा हंगाम १९१० चा पाहून कार्ड कधीचे ते समजते. त्याच १९११ च्या २९ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅको कंपनीची मक्तेदारी बेकायदा ठरवून तिचे तुकडे करण्याचा आदेश दिला. त्यानंतर आणखी काही माला निघाल्या. पण पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ही प्रथा ओसरली आणि खेळाडूंची चित्रे मिठाईच्या व पुढे च्युइंग गमच्या पुड्यांत गेली.

नकली कार्ड ओळखण्याची कसोटी भिंगाखाली लागते. अस्सल शिळाछापात खालील नाव एकसंध शाईत उमटलेले असते आणि चित्रातील ठिपके कारागिराने योजलेले, ठिकठिकाणी निराळ्या दाटीचे असतात. आधुनिक नक्कल छायाचित्रावरून चार रंगांत छापलेली असल्याने तिच्यात सर्वत्र सारख्या अंतरावरील ठिपक्यांची जाळी दिसते. नावाची अक्षरेसुद्धा ठिपक्यांनीच बनलेली असतात. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी द्रव्ये घालू लागले, ती अतिनील किरणांखाली निळसर चमकतात. १९०९ चा कागद तसा चमकत नाही.

आता त्या बहात्तर लाखांच्या कार्डाकडे वळावे. त्यावरील खेळाडू होनस वॅग्नर हा पिट्सबर्ग संघाचा आधारस्तंभ, आठ वेळा फलंदाजीत आपल्या लीगमध्ये अव्वल ठरलेला आणि १९३६ मध्ये बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच जणांपैकी एक. त्याचे कार्ड छपाईतून लवकरच काढून टाकण्यात आले. आज त्याच्या साठेक प्रतीच ज्ञात आहेत. कारणाविषयी दोन मते आहेत. मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेट विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे एक मत. त्याला योग्य मोबदला हवा होता, असे दुसरे. तो स्वतः तंबाखू खात असे आणि चिरूट ओढीत असे, हे पहिल्या मताविरुद्ध सांगितले जाते. मात्र १९१२ च्या ऑक्टोबरात एका क्रीडा-साप्ताहिकात आलेली हकीगत अशी, की त्याची संमती मिळवून देण्याबद्दल पिट्सबर्गच्या एका क्रीडालेखकाला दहा डॉलर मिळावयाचे होते. वॅग्नरने नकार कळवला आणि मित्राचे नुकसान नको म्हणून दहा डॉलरांचा धनादेश सोबत पाठवला. हेतूबद्दल वाद राहो. काळाबद्दल वाद नाही. त्याची ज्ञात कार्डे केवळ पीडमाँट व स्वीट कॅपोरल यांच्या १५० आकड्याच्या पाठींनीच आढळतात. म्हणजे १९०९ च्या पहिल्या फेरीतच ते मागे घेतले गेले. पाठ बोलते ते असे.

या साऱ्या पसाऱ्याला शिस्त लावणारा मनुष्य धनिक नव्हता, प्राध्यापकही नव्हता. जेफर्सन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावचा, १९०० साली जन्मलेला, विजेच्या सामानाच्या कारखान्यात जुळणीचे काम करणारा कामगार. संधिवाताने त्याचे सांधे जखडत चालले होते. त्याने आयुष्यभर व्यापारी चित्रे जमवली आणि १९३९ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध केली. पुढे तीच सुधारून ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने निघू लागली. एकोणिसाव्या शतकातील तंबाखू-कार्डांना एन, विसाव्या शतकातील तंबाखू-कार्डांना टी, जुन्या मिठाईच्या कार्डांना ई, असे वर्ग पाडून त्याने प्रत्येक मालेला क्रमांक दिला. ‘टी २०६’ हे नाव त्यानेच ठेवलेले. आजचा लक्षाधीश संग्राहकही याच क्रमांकांनी बोलतो.

बर्डिकने आपला तीन लाखांहून अधिक चित्रांचा संग्रह विकला नाही. १९४७ पासून त्याने तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यावयास सुरुवात केली आणि स्वतः तेथे बसून वाकड्या झालेल्या बोटांनी एकेक चित्र क्रमवार वह्यांत लावले. १९६३ च्या जानेवारीत काम पुरे झाले; दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याचा अंत झाला. जगाने ज्याला केर मानले त्याला त्याने दप्तर मानले आणि दप्तरासारखेच लावून ठेवले.

यापुढची कथा पैशाची आहे. वॅग्नरचे सर्वांत देखणे म्हणून गाजलेले एक कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झकी याने एका भागीदारासह चार लाख एक्कावन्न हजार डॉलरांना घेतले. २००७ मध्ये ते अठ्ठावीस लाखांना गेले. कडा धारदार, कोपरे टोकदार. ऐंशी वर्षांत कालाचा स्पर्शच झाला नाही असे भासावे! संशय अनेकांना होता. अखेर २०१३ मध्ये ते कार्ड पूर्वी ज्याच्या हातून गेले होते त्या लिलाववाल्याने, दुसऱ्या फसवणुकींच्या खटल्याच्या ओघात, आपण त्याच्या कडा कातरल्याची कबुली दिली. तीक्ष्ण दिसणाऱ्या त्या कडा १९०९ च्या नव्हत्याच.

कातरलेल्या कार्डाचा चेहरा शाबूत राहतो. नाहीशी होते ती किनार, म्हणजे माप, छापखान्याचा काप, तंबाखूचा डाग, पाकिटात दबल्याची खूण. आल्बमात खळीने चिकटवलेली कार्डे उपटताना पाठ फाटते, तेव्हा कारखाना, छाप आणि आकडा एकदमच जातात. बाजाराला चेहरा हवा असतो. इतिहासाला पाठ आणि किनार हवी असते. जुनी वस्तू नव्यासारखी करण्याच्या हव्यासात तिचा जुनेपणा सिद्ध करणारा पुरावाच नष्ट होतो, ही गोष्ट सिगारेटच्या चित्राइतकीच घासूनपुसून लखलखीत केलेल्या नाण्याला आणि समास कापून बांधलेल्या पोथीलाही लागू आहे.

आपल्याकडील जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप काय काय पडून असेल, याचा अंदाज करणे कठीण. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतून जुनी पत्रे, पावत्या, पंचांगे, नाटकांच्या जाहिराती, वेष्टने यांचे गठ्ठे दरवर्षी रद्दीत जातात. जी ठेवली जातात त्यांच्याही डागाळलेल्या कडा पुष्कळदा कापून टाकल्या जातात. त्या कडेवरच एखाद्या छापखान्याचे नाव असते, एखाद्या मोदीचा शेरा असतो, एखाद्या टपाल कचेरीचा शिक्का असतो. बर्डिकने ज्या काळजीने सिगारेटचे चित्र हाताळले त्या काळजीने ते कागद हाताळले गेले, तर वर्ष न लिहिलेला कागदही एके दिवशी आपले वर्ष सांगेल.